इंग्लंडमधल्या लेस्टरच्या मित्राला पत्र : अँग्लिकन पॅरिश, तिथले पाळक आणि संस्कार

प्रिय विलास,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र पोचलं. बाळाचा बाप्तिस्मा तिथल्या पॅरिशमध्ये करावा की नगरला आल्यावर, आणि तोवर तुम्ही दोघांनी इंग्लिश चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा संस्कार, घेतलेलं चालेल का, असं तू विचारलंस. उत्तर आधी देतो. बाप्तिस्मा तिथेच करा, आणि प्रभुभोजन येत्या रविवारपासून घ्या. कारणं सविस्तर लिहितो, म्हणजे तिथल्या पाळकाला, व्हिकारला, भेटायला जाताना तुमच्या मनात संकोच राहणार नाही.

चर्च ऑफ इंग्लंडमध्ये, म्हणजे तिथल्या अँग्लिकन चर्चमध्ये, पॅरिश ही नकाशावर आखलेली हद्द असते. आपल्याकडे पास्टोरेट म्हणजे यादीतली कुटुंबं. तिथे हद्दीत राहणारा प्रत्येक जण, कधी चर्चची पायरी न चढलेलासुद्धा, त्या पाळकाच्या जबाबदारीत मोडतो. 'अ चर्च निअर यू' या वेबसाइटवर पोस्टकोड टाक, तुमची पॅरिश कोणती ते कळेल. बाप्तिस्म्याच्या बाबतीत या हद्दीला फार वजन आहे. चर्चच्या नियमांना तिथे कॅनन म्हणतात. त्यातला बी २२ सांगतो की हद्दीतल्या बाळाचा बाप्तिस्मा पाळकाला नाकारता येत नाही, आणि लांबवता येतो तो फक्त आईवडील व गॉडपॅरेंट (बाळाचे धर्ममाता-धर्मपिता) यांची तयारी करून घेण्यापुरता. उगाच टाळाटाळ झाली तर आईवडील थेट बिशपकडे जाऊ शकतात. बाप्तिस्म्याला फी नाही. परक्या देशातून आलेल्या कुटुंबाला हा नियम केवढा आधार देतो! शेजारच्या पॅरिशचं चर्च जास्त आवडलं तरी अडत नाही, मात्र तिथल्या व्हिकारने आधी तुमच्या पॅरिशच्या व्हिकारशी बोलून घ्यावं अशी रीत आहे. ते बोलणं राहून गेलं की दोन पाळकांत विनाकारण रुसवा येतो, म्हणून तुम्हीच आठवण करा.

गॉडपॅरेंट निदान तीन हवेत. मुलगा असेल तर दोन पुरुष आणि एक स्त्री, मुलगी असेल तर उलट. तीन जमत नसतील तर एक गॉडफादर आणि एक गॉडमदर एवढ्यावरही भागतं. आईवडील स्वतःही गॉडपॅरेंट होऊ शकतात, पण त्यांच्याखेरीज आणखी एक तरी हवा. इथे लोक अडखळतात ते एका अटीवर : गॉडपॅरेंटचा स्वतःचा बाप्तिस्मा झालेला असला पाहिजे. दृढीकरण (कन्फर्मेशन) झालेलं नसेल तर व्हिकार सूट देऊ शकतो, बाप्तिस्म्याला मात्र सूट नाही. ऑफिसातल्या जिवलग मित्राला आधी शब्द देऊन बसायचं आणि मग त्याचा बाप्तिस्माच झालेला नाही हे कळायचं, असं वारंवार होतं. म्हणून विचारूनच शब्द द्या. नगरच्या चर्चमध्ये झालेला बाप्तिस्मा तिथे पूर्ण धरला जातो.

विधी बहुधा रविवारच्या मुख्य उपासनेतच होतो. आधी आईवडील आणि गॉडपॅरेंट यांना प्रश्न विचारतात, त्यांची छापील उत्तरं मोठ्याने द्यायची. मग पाळक बाळाच्या कपाळावर अंगठ्याने क्रूसाची खूण करतो, पुष्कळ ठिकाणी तेल लावून. नंतर पाण्यावर प्रार्थना, सगळ्या मंडळीचा विश्वासाचा कबुलीजबाब, आणि त्यानंतर प्रत्यक्ष बाप्तिस्मा. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने तीनदा पाणी ओतण्याची प्राचीन चाल आहे आणि तीच चांगली मानतात. एकदाच ओतलं तरी बाप्तिस्मा खरा असतो. पाणी भरपूर असावं, आणि काही झालं तरी ते बाळाच्या कातडीवरून वाहिलं पाहिजे. नुसतं ओलं बोट टेकवणं पुरेसं नाही. म्हणून टोपडं आधीच काढा आणि गळ्याशी सैल असलेला अंगरखा घाला. दगडी कुंडातलं पाणी हिवाळ्यात बर्फासारखं असतं. व्हर्जरला, म्हणजे चर्चच्या सेवेकऱ्याला, आधी सांगितलंत तर तो ऐनवेळी किटलीभर गरम पाणी त्यात मिसळतो. किटली फार लवकर ओतली तर प्रार्थना संपेपर्यंत पाणी पुन्हा गार होतं. शेवटी पास्कल, म्हणजे ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली लहान मेणबत्ती देतात. ती गॉडपॅरेंटने धरावी, बाळ ज्याच्या कडेवर असेल त्याने नव्हे.

आता पाळकवर्गाविषयी. कॉलर सगळ्यांची सारखी, त्यामुळे नवख्याला कोण कोण ते कळत नाही. रेक्टर आणि व्हिकार ही दोन्ही पॅरिशच्या मुख्य पाळकाचीच पदं, आज त्यांच्या कामात फरक नाही. प्रीस्ट-इन-चार्ज हेच काम करतो, पण त्याची नेमणूक तितकी पक्की नसते. क्युरेट म्हणजे व्हिकारच्या हाताखाली शिकणारा, आणि तो बहुधा पहिलं वर्ष डीकन, म्हणजे दीक्षेच्या पहिल्या पायरीवर असतो; प्रीस्ट ही पुढची पायरी. हा फरक झग्यावरच्या स्टोलवरून, म्हणजे लांब पट्ट्यावरून, ओळखता येतो. डीकनचा स्टोल डाव्या खांद्यावरून तिरका उजव्या कुशीकडे जातो, प्रीस्टचा गळ्यातून दोन्ही बाजूंना सरळ खाली येतो. डीकन बाप्तिस्मा देऊ शकतो, उपदेश करू शकतो, प्याला धरू शकतो. प्रभुभोजनाचं अध्यक्षपद, पापक्षमेची घोषणा आणि आशीर्वाद हे मात्र प्रीस्टचंच काम. निळी पट्टी घातलेले दिसतील ते रीडर, म्हणजे अधिकृत उपदेशक, पण दीक्षित नव्हेत. त्यामुळे व्हिकार आजारी पडला आणि आसपास निवृत्त प्रीस्ट मिळाला नाही, तर त्या रविवारी प्रभुभोजन होत नाही, वचनाची उपासना होते. कोणी कामचुकारपणा केला असं समजू नका.

व्हिकार बाई असल्या तर घरच्यांना नवल वाटेल. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये पहिल्या ३२ स्त्रियांना १२ मार्च १९९४ रोजी ब्रिस्टल कॅथेड्रलमध्ये प्रीस्टची दीक्षा मिळाली, आणि २०१५ पासून स्त्रिया बिशपही आहेत. काही पॅरिशच्या कमिट्या ठराव करून स्त्री प्रीस्ट नको म्हणतात आणि त्यांच्यासाठी वेगळा बिशप नेमलेला असतो. माझं मत तुला माहीतच आहे : दीक्षा झाली तिच्या हातचा संस्कार तितकाच खरा.

रोजच्या व्यवहाराला मंडळीतून निवडलेले दोन कारभारी, म्हणजे चर्चवॉर्डन, असतात. दरवर्षी मे अखेरपर्यंत त्यांची निवड होते आणि तिथेही हद्दीतल्या रहिवाशांना मत असतं. व्हिकारची जागा रिकामी पडली की उपासना चालू ठेवण्याचा भार मुख्यतः त्यांच्यावर येतो. फोन कोणाला करायचा असा प्रश्न पडला तर वॉर्डनला करा.

प्रभुभोजनाविषयी तुझी शंका मोठी होती. आपलं सी.एन.आय., म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन झालं. त्यांत अँग्लिकन होते आणि आपल्या नगरच्या मराठी मिशनची परंपराही होती. चर्च ऑफ इंग्लंडशी आपली पूर्ण सहभागिता आहे. तेव्हा तुम्ही पाहुणे नाही. आपापल्या मंडळीत प्रभुभोजन घेणाऱ्या इतर त्रैक्यवादी (पिता, पुत्र, पवित्र आत्मा असा एक देव मानणाऱ्या) ख्रिस्ती लोकांनाही तिथे मोकळीक आहे. तुला छोट्या पेल्यांची सवय, तिथे मात्र सगळ्यांना एकच प्याला. भाकर आणि प्याला दोन्ही सर्वांना द्यावेत हा कायदा १५४७ चा. २०२० च्या मार्चमध्ये कोविडमुळे प्याला थांबवला होता, तो अपवाद. कठड्यापाशी गुडघे टेका किंवा उभे राहा, उजवा तळहात डाव्यावर ठेवून भाकर घ्या, 'आमेन' म्हणा. प्याला आला की त्याच्या बुडाला हात लावून ओठांपर्यंत नीट आणा. प्याला देणारा नुसता अंदाजाने तिरका करत असतो, तुम्ही आधार दिला नाही तर द्राक्षारस सांडतो. प्रत्येकानंतर काठ पांढऱ्या कापडाने पुसून प्याला थोडा फिरवतात. वेफर, म्हणजे भाकरीची पातळ चकती, प्याल्यात बुडवून खाण्याची सवय काही जणांना असते. ती करू नका, बोटं रसात जातात आणि वेफरचे तुकडे तळाशी राहतात. द्राक्षारस नको असेल तर नुसती भाकर घ्या, तेवढ्याने सहभागिता पूर्ण होते. ग्लुटेन चालत नसेल त्याने उपासनेआधी सांगावं, कारण ग्लुटेन नसलेला वेफर वेगळ्या तबकात ठेवावा लागतो. साध्या वेफरला लागला की त्याचा उपयोग संपला.

दाराशी उभा असलेला माणूस डोकी मोजत असतो, ते याच कामासाठी. वेफर कमी पडले तर पाळकाला पुन्हा थांबून जादा भाकरीवर प्रार्थना करावी लागते. जास्त झाले तर उरलेलं सगळं, द्राक्षारसासकट, त्याच वेळी किंवा उपासना संपताच खाऊन-पिऊन संपवतात. टाकत नाहीत, बाटलीत परत ओतत नाहीत. फक्त आजाऱ्यांसाठी राखायचं ते भिंतीतल्या लहान कपाटात ठेवतात आणि तिथे पांढरा दिवा जळत असतो. प्याला पुसायची कापडं आधी गार पाण्यात बुडवून ते पाणी जमिनीत ओततात, मगच धुतात. हे जपणं पाहिलं की त्या मंडळीचा विश्वास कळतो, मग उपदेश कसाही असो.

एवढं सगळीकडे ठरलेलं. बाकीचा थाट पॅरिशगणिक बदलतो आणि त्याचा अंदाज बाहेरच्या फलकावरूनच येतो. 'संग मास' लिहिलं असेल तर धूप, घंटी, भरजरी वस्त्रं आणि पाळकाला 'फादर' म्हणायचं. 'पॅरिश युकॅरिस्ट' म्हणजे मधला मार्ग. 'मॉर्निंग वर्शिप' म्हणजे गिटार, लांब उपदेश, पाळक साध्या शर्टात, आणि प्रभुभोजन दर रविवारी असेलच असं नाही. सकाळी आठची उपासना बहुधा १६६२ च्या प्रार्थनापुस्तकाप्रमाणे, गाण्यांशिवाय, शांत. धुपाला बिचकू नकोस. पुण्यातल्या पंचहौदच्या चर्चमध्ये इंग्लंडमधल्या कावलीच्या मठातल्या फादरांनी आणि वाँटेजच्या मठातल्या सिस्टरांनी हीच परंपरा आणली. त्याच वाँटेजमध्ये २९ सप्टेंबर १८८३ ला पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी त्रैक्यावरून आणि चर्चच्या अधिकारावरून सिस्टरांशी परखड वाद घातला, पण बाप्तिस्मा सोडला नाही. पॅरिशच्या रीतीभाती पटल्या नाहीत तर तूही मोकळेपणाने बोल.

धाकट्या भावाच्या लग्नाचं थोडक्यात. हद्दीत राहणाऱ्याला तिथे लग्नाचा हक्क आहे. तीन रविवारी बॅन्स, म्हणजे लग्नाची जाहीर घोषणा, वाचतात आणि त्यानंतर तीन महिन्यांत लग्न व्हावं लागतं. दोघांपैकी एक भारतीय पासपोर्टवर असेल तर सहसा बॅन्स चालत नाहीत. आधी रजिस्ट्रारकडे नोटीस द्यावी लागते, तिची मुदत २८ दिवस, चौकशी निघाली तर ७० पर्यंत. हॉल बुक करून मग व्हिकारकडे जाऊ नका, आधी व्हिकार. राहिलेले दोन संस्कार : पापकबुली ऐच्छिक आहे, आणि प्रीस्टला तिथे ऐकलेलं कोणालाही सांगता येत नाही. आजाऱ्याला तेल लावायला प्रीस्टच लागतो. मरण जवळ येईपर्यंत वाट न पाहता, ऑपरेशनच्या आधी बोलवावं.

व्हिकारला भेटायला जाताना तुम्हा दोघांच्या बाप्तिस्म्याचे आणि दृढीकरणाचे दाखले न्या. मराठी असतील तर पास्टोरेटच्या लेटरहेडवर पाळकसाहेबांकडून इंग्रजी पत्र मागवा, ई-मेलने आलं तरी चालतं. गॉडपॅरेंटची पूर्ण नावं कागदावर लिहून ठेवा, नोंदवहीत मराठी नावांची स्पेलिंगं हमखास चुकतात आणि नंतर दुरुस्त करणं जिकिरीचं होतं. सहा महिने नियमित गेलात की, किंवा हद्दीत राहत असाल तर लगेचच, इलेक्टोरल रोलचा, म्हणजे पॅरिशच्या मतदारयादीचा, फॉर्म भरा. मग वार्षिक सभेत तुम्हालाही मत देता येईल. तारीख ठरली की कळव. वहिनींना सलाम, बाळाला पापा.

तुझा,
अविनाश