घोडेस्वारांची एचिंग्ज विसरू नका

रविवारच्या पुरवणीतला बरोक या मुख्यतः सतराव्या शतकातल्या युरोपीय कलाशैलीवरचा लेख आवडला. रंगचित्रे आणि शिल्पांवर भरभरून लिहिले आहे. एचिंगचा, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून छापलेल्या चित्रांचा, मात्र साधा उल्लेखही नाही, हे खटकले.

फ्लॉरेन्सचा स्तेफानो देल्ला बेल्ला (१६१०-१६६४) याने हजाराहून अधिक मुद्राचित्रे केली. १६३३ मध्ये पोलंडचा राजदूत ओसोलिन्स्की लवाजम्यासह रोममध्ये आला. उंट, सजवलेले घोडे आणि परक्या पोशाखातले स्वार असलेली ती मिरवणूक देल्ला बेल्लाने सहा पट्ट्यांवर कोरली. पुढे १६५० च्या सुमारास पोलिश, हंगेरियन आणि मूर (उत्तर आफ्रिकेतल्या) घोडेस्वारांची एक मालिकाच केली, तीही गोल चौकटीत. फरची टोपी, वाकडी तलवार, घोड्याची उडणारी आयाळ! तांब्याच्या पत्र्यावरच्या मेणाच्या थरात सुईने ओढलेल्या रेघा आम्लाने खाल्ल्या की त्यांत शाई भरून छाप घ्यायचा, बस्स. पण जवळून पाहा: घोड्याच्या पोटाखाली रेघा दाट, पाठीवर कागद कोराच, आणि त्यातूनच अंगाची गोलाई उभी राहते. रंगाची उणीव जाणवतही नाही.

युरोपातल्या लोकांना दूरदेशीचा माणूस कसा दिसतो हे अशा छापील कागदांनी दाखवले. त्यांच्यावर स्वतंत्र लेख द्यावा, आणि चित्रे कृपया मोठी छापावीत. टपाल तिकिटाएवढ्या आकारात या रेघा दिसतच नाहीत.

– एक वाचक, पुणे