पावसाळ्याआधी कुंड्या भरणाऱ्यांसाठी

नमस्कार मंडळी,

रोपवाटिकेत गर्दी सुरू झाली आहे, म्हणून खरेदीआधी हे जरूर वाचा.

आधी ऊन बघा. सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता बाल्कनीत उभं राहून ऊन कुठवर येतं ते खडूने आखून ठेवा. उत्तरेच्या बाल्कनीत मे-जूनमध्ये ऊन येतं, कारण तेव्हा पुण्यात सूर्य डोक्याच्या थोडा उत्तरेकडून जातो. दिवाळीनंतर तिथे सावलीच असते. त्या उन्हाला भुलून मी टोमॅटो लावले होते. वेल वाढले, फळ एकही धरलं नाही. टोमॅटो, वांगी, मिरचीला रोज सहा तास ऊन हवंच. कमी असेल तर पालक, पुदिना, अळू लावा.

गच्चीवाल्यांनो, वजनाचं मनावर घ्या. एक घनफूट ओली माती साधारण ४५ ते ५० किलो भरते. नुसती माती भरू नका. निम्म्याहून जास्त पालापाचोळा, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि शेणखत घाला. जड कुंड्या तुळईवर किंवा भिंतीलगत ठेवा, स्लॅबच्या मधोमध नको. सोसायटीची परवानगी आणि वॉटरप्रूफिंग आधी.

कुंडीखाली विटा ठेवा, भोक मोकळं राहील. पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत खुपसा. ओल लागली तर पाणी नको. आपल्याकडची बरीच रोपं तहानेने नाही, जास्त पाण्याने मुळं कुजून जातात.

शंका असेल तर कुंडीचा फोटो ग्रुपवर टाका, पानांसोबत मातीचाही.