सुन्याला पत्र: पोलिसांच्या कॅमेऱ्यातली गाडी

सांगली,
फेब्रुवारीतला दुसरा रविवार

प्रिय सुन्या,

स. न. वि. वि.

पत्र पोचलं. हातानं लिहिलेलं जाड पाकीट बघून बायकोनं आधी विचारलं, "कोर्टाची नोटीस आली काय?" अक्षर तुझं अजून कोंबडीच्या पायांचंच आहे, तरी वाचून काढलं, आणि तुझ्या त्या एका वाक्यावर अडकलो. तिकडं इंग्लंडात कुठल्यातरी चॅनेलवर 'पोलीस कॅमेरा ॲक्शन' या पोलिसांच्या कॅमेऱ्यातल्या फिती दाखवणाऱ्या कार्यक्रमाचे जुने भाग लागतात, तुझा अथर्व लायसन्सच्या परीक्षेआधी तेच बघत बसतो, आणि तुझं म्हणणं की आपल्याकडं असा कार्यक्रम असता तर पेठ-सांगली रस्त्यावर मेलेली निम्मी माणसं वाचली असती. दुसरं कुणी म्हणालं असतं तर 'हो' म्हणून सोडून दिलं असतं. पण विम्याच्या क्लेमसाठी आपटलेल्या गाड्या बघण्यावर माझं पोट चालतं हे तुला माहीत आहे, त्यामुळं आता ऐकून घे.

आपण दोघांनी हा प्रकार पहिल्यांदा बघितला तो तुमच्या विश्रामबागच्या घरी, केबलवर. तो अमेरिकन होता, १९९८ साली तिकडं सुरू झालेला, आणि सांगणारा जॉन बनेल हा ओरेगॉनमधला माजी शेरीफ, करड्या आवाजाचा. वरून हेलिकॉप्टर, खाली एक गाडी, मागं पोलिसांच्या पाच-सहा. आपण जागचे हलायचो नाही. तुझी आजी जपमाळ ओढत एकदाच म्हणाली होती, "त्याला पेट्रोल संपत न्हाई व्हय रं?" आपण हसलो. म्हातारीचा प्रश्न मात्र बिनतोड होता. पळणाऱ्याचं पेट्रोल संपेल, तो खिळ्यांच्या पट्टीवरून जाईल, नाहीतर पोलीस त्याच्या मागच्या चाकाजवळ हलकेच धक्का देऊन गाडी गर्रकन फिरवतील, यातलं काहीतरी होईपर्यंत कॅमेरा त्याला सोडत नाही. बघणाऱ्यालाही शेवट हवा असतो, आणि तो आपटूनच व्हावा असं वाटत असतं. वाटायचं की नाही, खरं सांग.

आणखी एक. इतक्या उंचीवरच्या हेलिकॉप्टरला, तेही स्वतःच्या पंख्याच्या गदारोळात, खालच्या टायरचं किंचाळणं ऐकू येईलच कसं? तो आवाज नंतर चिकटवलेला. हे डोक्यात आल्यावर मी एकदा आवाज बंद करून एक भाग पाहिला. निम्मा थरार गेला. एक गाडी वळते, दुसरी तिच्यामागं वळते, एवढंच. थराराला वेग लागतोच असंही नाही म्हणा. १७ जून १९९४ ला माजी बायकोच्या खुनाचा आरोप असलेल्या ओ. जे. सिम्पसन या अमेरिकन खेळाडूची पांढरी ब्रॉन्को गाडी, मागं पोलीस घेऊन, लॉस एंजेलिसच्या रस्त्यावरून गेली तेव्हा अंदाजे साडेनऊ कोटी लोक टीव्हीला चिकटले होते, आणि एनबीसी चॅनेलनं चालू असलेला बास्केटबॉलच्या अंतिम मालिकेतला सामना एका चौकटीत ढकलला होता. गाडीचा वेग होता ताशी ५५-६० किलोमीटर. आष्ट्याची वडाप जीप त्याहून जोरात जाते.

तुझा इंग्रजी कार्यक्रम त्या मानानं सोज्वळ, हे कबूल. १९९४ पासूनचा, बातम्या देणारा माणूसच सूत्रधार, समोरच्याच्या बंपरला चिकटून चालवू नका, ट्रकवर बेसुमार माल लादू नका, असलं शहाणं बोलणारा. पण त्याच सूत्रधाराचं पुढं काय झालं हे अथर्वला सांगितलंस का? ॲलिस्टर स्ट्युअर्ट. २००३ साली तो स्वतःच दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेला, २३ महिने लायसन्स गेलं, आणि चॅनेलनं कार्यक्रम गुंडाळला. २००७ साली तो परत आलाही. लोक या गोष्टीला हसतात. मला त्यात हसण्यासारखं फार दिसत नाही. असल्या फिती जगात सगळ्यात जास्त बघितलेल्या मोजक्या माणसांत तो असणार. नुसतं बघून माणूस सुधारत असता तर त्याचा पहिला नंबर लागायला हवा होता.

आता मूळ मुद्दा. कॅमेरा बसवलेला असतो पाठलाग करणाऱ्याच्या गाडीत. त्यामुळं बघणाराही त्याच गाडीत जाऊन बसतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात यावरून एक झकास प्रकरण झालं आहे, वकिलाकडं काम असलं की मी ते हटकून काढतो. २००१ साल, जॉर्जिया राज्य, रात्रीची वेळ, बराचसा दोन पदरी रस्ता. १९ वर्षांचा एक पोरगा ५५ मैलांच्या हद्दीत ७३ मैलांनी चालला होता, म्हणजे आपल्या हिशेबात ८८ च्या जागी ११७. पोलीस मागं लागले, हा थांबला नाही. शेवटी एका अधिकाऱ्यानं त्याच्या मागच्या बंपरला धडक दिली, गाडी उताराखाली गेली आणि पोरगा मानेखाली कायमचा लुळा झाला. धडक देणं योग्य होतं का, हा प्रश्न २००७ साली सर्वोच्च न्यायालयात आला. न्यायाधीशांनी पोलिसांच्या गाडीतली फीत बघितली आणि आठ विरुद्ध एक असा निकाल अधिकाऱ्याच्या बाजूनं दिला. वर ती फीत न्यायालयाच्या वेबसाइटवर टाकली, की ज्याला शंका असेल त्यानं बघून घ्यावं.

विरोधात गेलेले एकटे न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स, तेव्हा ८७ वर्षांचे. त्यांनीही तीच फीत बघितली होती. ते म्हणाले, बाकीच्या गाड्या बाजूला होताना दिसतात त्या या पोराला घाबरून नव्हेत, सायरन ऐकून. ॲम्ब्युलन्स आली तरी लोक तसेच बाजूला होतात. आणि एका तळटीपेत म्हाताऱ्यानं चिमटा काढला: माझे तरुण सहकारी दोन पदरी रस्त्यांच्या जमान्यात गाडी शिकले असते तर मधली रेघ ओलांडून पुढं जाणारी गाडी बघून इतके हबकले नसते. पुढं काही प्राध्यापकांनी तीच फीत सुमारे १३५० अमेरिकनांना दाखवली. बहुतेकांचं मत न्यायालयासारखंच पडलं, पण कोण बघतो आहे, त्याचा वर्ण कोणता, राजकारण कोणतं, यावर ते बरंच हललं. तासगाव रस्त्यावर गाडी शिकलेल्या माणसाला ती फीत दाखवली असती तर तो म्हणाला असता, "मग? वव्हरटेक कुठनं मारायचा मग?"

तासगाव रस्ता निघालाच आहे तर मागच्या ऊस हंगामातलं सांगतो. मोटारसायकलचा क्लेम होता. रात्रीची वेळ, उसाची डबल ट्रॉली रस्त्याच्या कडेला अर्धी डांबरावर उभी, पोरगा मागून थेट आत घुसला. जीव वाचला, उजवा पाय नाही वाचला. पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यात आठ-दहा सेकंदांची क्लिप सापडली, आणि मी पोचायच्या आधी ती एका चॅनेलवर पोचली होती. लाल गोल, बाण, 'थरारक', तीच क्लिप हळू, मग जोरात, मग परत हळू. क्लिपमध्ये दिसतं एवढंच की मोटारसायकल येते आणि ब्रेक न मारता आदळते. गावभर निकाल लागला: पोरगा स्टंट करत होता, नाहीतर प्यायला होता.

मी जागेवर गेलो तेव्हा हेडलाइटच्या काचा उसाच्या वाड्यात, म्हणजे शेंड्याच्या पाल्यात, पडल्या होत्या. बल्ब शाबूत मिळाला. आतली तार ओढून लांब झालेली होती. दिवा जळत असताना दणका बसला तर गरम तार अशी ताणते, बंद असेल तर कट्कन तुटते. म्हणजे पोराचा लाइट चालू होता. मग पोलीस ठाण्याच्या आवारात लावलेली ट्रॉली बघितली. मागच्या दिव्याच्या होल्डरमध्ये बल्ब नव्हता. होल्डरात कोळ्याचं जाळं होतं, जुनं, धूळ बसलेलं. रिफ्लेक्टरची पट्टी चिखलाखाली होती. बोट थुंकी लावून घासलं तेव्हा लाल रंग दिसला. ताशी ६० म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर. समोरच्या गाडीसाठी डिपर मारलेला, ट्रॉली पंचवीस मीटरवर दिसली असं धर, तर हातात दीड सेकंद. त्यातला सेकंदभर तर 'हे काय' एवढं कळण्यातच जातो. ब्रेक मारणार कधी?

ते जाळं कुठल्या चॅनेलवर दाखवतात सांग. त्यात पळणारा कुणी नाही, पकडणारा नाही, मागं सायरन नाही. गाडीमालकाला विचारलं तर म्हणाला, "साहेब, हंगामात कोण बल्ब बघतंय, खेपा मोजायच्या का बल्ब?" वाईट माणूस नव्हता. मला चहा पाजला.

केंद्राच्या वाहतूक मंत्रालयाचा आकडा आहे, २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यात शंभरातली चव्वेचाळीस दुचाकीवरची आणि जवळजवळ वीस पायी चालणारी. मोटारीतून पोलिसांना हुलकावणी देणारा हिरो यात कुठं बसतो? कारणाच्या रकान्यात मात्र निम्म्याहून कितीतरी जास्त ठिकाणी 'अतिवेग' आहे. वेग असतोच, मी नाही म्हणत नाही, वेगानं माझ्या टेबलावर भरपूर कागद आणून टाकले आहेत. पण आपली फिर्याद कशी लिहितात तुला ठाऊक आहे: 'भरधाव वेगात, हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून'. हे वाक्य हवालदाराच्या हातात तयारच असतं. त्यात बल्बला जागा नाही, रस्त्याच्या वळणालाही नाही.

वळणावरून आठवलं. खंबाटकीचा बोगदा संपला की पुण्याकडं जाताना उतारावर ते एस वळण येतं, तुला आठवत असेल, तुझे काका तिथं आलं की देवाचं नाव घ्यायचे. २०१८ च्या एप्रिलमध्ये विजापूरकडचे मजूर मालाच्या गाडीत भरून चालले होते, ती तिथं उलटली आणि १८ जण गेले. झोपलेली माणसं, बायका, लेकरं. त्यांच्या मागं कुणी लागलं नव्हतं. आता तिथं नवे बोगदे पाडले आहेत, ते वळण टाळायला. एक वळण सरळ करण्यानं जेवढं काम होतं तेवढं क्लिपा दाखवून होईल असं मला वाटत नाही.

मग अथर्वनं ते बघू नये का? बघू दे, मी कोण अडवणार. फक्त त्याला आवाज बंद करून बघायला सांग, आणि पळणाऱ्या गाडीऐवजी बाकीच्यांकडं बघायला सांग: समोरून येणारा काय करतो, कडेचा सायकलवाला कुठं जातो, फाट्यावर उभी असलेली गाडी निघते की थांबते. परीक्षेला तेच कामाला येईल. तुमच्या तिकडच्या हायवे कोडात, म्हणजे रस्त्याच्या नियमांच्या पुस्तकात, थांबायच्या अंतराचा तक्ता आहे तो मी इथं क्लेमवाल्यांना दाखवतो: ३० मैलाला २३ मीटर, ७० मैलाला ९६. वेग दुपटीहून थोडा जास्त, अंतर चौपटीहून जास्त. मैल-मीटरची खिचडी बघून लोक आधी चक्रावतात, मग पावलांनी ९६ मीटर मोजून दाखवले की गप्प होतात.

डॅशकॅमचं, गाडीत लावायच्या कॅमेऱ्याचं, विचारलं होतंस, दादांच्या गाडीला बसवू का म्हणून. बसव. भांडणात उपयोगी पडतो, आणि आपल्याकडं रस्त्यावर भांडण कुठं चुकलंय. पण पैसे उरले तर आधी मागचे टायर बदल. मी परवा बघितले, पार गुळगुळीत झाले आहेत. दादा म्हणतात अजून एक पावसाळा निघेल. त्यांच्याशी तू बोल, माझं ऐकत नाहीत.

आणि तो मुंबईत उतरून भाड्याची गाडी घेऊन रातोरात सांगलीला यायचा बेत सोड. दहा तास विमानात बसून, घड्याळ साडेपाच तास इकडं-तिकडं झालेलं असताना, हंगामाच्या दिवसांत कराडच्या पुढं अंधारात? वहिनी आणि पोरांना घेऊन? महालक्ष्मी एक्सप्रेसची तिकिटं काढतो, सकाळी सांगलीत उतराल. मी स्टेशनवर येतो. घरी जाताना भडंग घेऊ, ताजं. हरिपूरला संध्याकाळी जाऊ, संगमावर पाणी बरं आहे अजून.

येताना चॉकलेटं आणू नकोस, शुगर आहे. अथर्वची परीक्षा झाली की त्याचं ते हायवे कोडाचं पुस्तक घेऊन ये. माझ्याकडं आहे ती झेरॉक्स, आणि तिचं नेमकं तक्त्याचं पान फाटलं आहे.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
रव्या