नसीमला, शुक्रवारच्या कुसकुसाबद्दल

फेझ, मोरोक्को
शुक्रवार, रात्र

प्रिय नसीम,

शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तुझा वाढदिवस गेला, ईद गेली, मी हूं की चूं केलं नाही. सर्दी आहे, ती इथे सगळ्यांनाच आहे, बाकी बरी आहे.

आज दुपारी जेवताना एक झालं. ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

इथे शुक्रवार म्हणजे कुसकुस, गव्हाच्या रव्याचे वाफवलेले बारीक दाणे. जुम्म्याची नमाज आटोपली की जुन्या शहरातली बहुतेक दुकानं बंद, जो तो घराकडे. मी राहते त्या घरच्या बाईला तुझ्या सवयीने खाला म्हणते, तिला ते आवडतं. ती सकाळपासून परातीला भिडलेली असते. खालच्या भांड्यात मटण, गाजर, सलगम, भोपळा, कोबी, काबुली चणे रटरटतात आणि त्यांच्याच वाफेवर, वरच्या भोकांच्या भांड्यात, कुसकुस शिजतो. दोन भांड्यांच्या सांध्यावर ती पिठाच्या पाण्यात बुडवलेली चिंधी घट्ट गुंडाळते, वाफ बाजूने निसटू नये म्हणून. मग सगळं परातीत ओतायचं, गाठी तळव्यांनी मोडायच्या, पाणी शिंपडायचं, पुन्हा चढवायचं. असं तीनदा. तिचे तळवे लालबुंद होतात. मी एकदा हात घातला आणि अशी किंचाळले की पोरी अजून माझी नक्कल करतात.

जेवायला एकच मोठी थाळी, भोवती सगळे. बिस्मिल्ला म्हणायचं, उजव्या हाताने आपल्या पुढ्यातलंच खायचं. आजी तळहातावर कुसकुस झेलत झेलत गोळा वळते, दाणा सांडत नाही. जन्मभर वरणभात कालवणारी मी, तर निम्मं माझ्या मांडीवर. शेवटी मला चमचा दिला. बरोबर ताक, अगदी आपल्यासारखं. मटण मधोमध, भाज्यांखाली दडलेलं. ते खाला हाताने तोडून एकेकाच्या पुढ्यात सरकवते. मला सगळ्यात मऊ तुकडा. (तुझ्या अम्मीच्या हातचं काय काय खाल्लंय ते आमच्या घरी अजून माहीत नाही, तेव्हा हेही नाही.)

मोरोक्को, अल्जेरिया, ट्युनिशिया आणि मॉरिटानिया या चौघांनी मिळून २०२० मध्ये कुसकुस युनेस्कोच्या वारसा यादीत नेला. पुढच्याच वर्षी अल्जेरियाने मोरोक्कोशी राजनैतिक संबंध तोडले. वाचून आपला आठवीतला अबोला आठवला. तेव्हाही डबा मात्र एकच होता.

तर आज. खालाच्या थोरल्या लेकीला आयसीसीआरची, म्हणजे आपल्या सरकारची, शिष्यवृत्ती मिळालीय, ती पुण्याला शिकायला येतेय. तुकडा माझ्याकडे सरकवताना खाला म्हणाली, "तिथे तुझी आई आहे, मला घोर नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझा घास तोंडात फिरायला लागला. त्यात संध्याकाळी आईचा फोन, "गणपतीत आण तिला जेवायला, पुरणपोळ्या करते."

आमच्या खिडकीतला कप तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आईला तर आहेच. त्यावर आपण तिघी कधी बोललो नाही. तू नुसती यायची बंद झालीस. बारावीच्या सुट्टीत मी तुझ्यावर उखडले तर म्हणालीस, "मला भूकच नसते गं." भूक नसते! उभ्या उभ्या चार चपात्या ओढणारी बाई!

आईने या पोरीचं पान वेगळं मांडलं तर मी मेले. तिला कळणारही नाही, वाटेल आपला मान ठेवला. पण खरी भीती ती नाहीच. मला वाटतं आई तसं करणार नाही. परदेशातली पाहुणी म्हटल्यावर चांदीचं ताट निघेल, आई तिला शेजारी बसवेल, आग्रह करकरून वाढेल, फोटो काढून आत्याला पाठवेल. हजारो मैलांवरची मुसलमान पोरगी चालेल, आणि गल्लीच्या टोकाची चालत नव्हती. हे मला बघवणार नाही. आईवर ओरडेन, सणासुदीला, त्या बिचारीसमोर. आणि न ओरडता पोळी गिळली तर इथे खालाच्या थाळीत पुन्हा हात कसा घालू?

आईशी आधी बोलायला हवं, हे कळतं. तीनदा फोन हातात घेतला आणि "गुडघे कसे आहेत" विचारून ठेवला. तू म्हणशील, एवढी अरबी शिकतेस, आधी आईशी मराठीत बोलून दाखव.

त्या दिवशी तू येशील? पंक्तीत, माझ्या बाजूला. आईला धडा शिकवायला नव्हे. तू असलीस की मी जरा शहाण्यासारखी वागते. यायचं नसेल तर सरळ नाही म्हण. "भूक नाही" म्हणालीस तर याद राख.

तुझ्या बदलीचं काय झालं? रेहानला शाळेत रुळायला त्रास होतोय म्हणालीस, रोज रडतो की फक्त सोमवारी? अम्मीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पावसाआधीच उरका. आणि व्हॉट्सॲपवर आठ मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठवू नकोस, त्यात पाच मिनिटं तुझा मिक्सर असतो. लिही.

तुझी,
मनू