बसमध्ये भेटलेल्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. लंडनच्या त्या बसमध्ये आम्ही मायलेकी मराठीत भांडत होतो आणि पुढच्या सीटवरून वळून तुम्ही विचारलंत, "कुठल्या गं तुम्ही?" भांडण पबवरूनच होतं. आदल्या दिवशी एका पबमध्ये आम्ही वीस मिनिटं वेटरची वाट बघत बसलो. कुणी फिरकलं नाही. "आपल्याला बघूनच येत नसतील," म्हणत आई तरातरा बाहेर पडली. तुम्हाला हसू आवरेना. "अहो, तिथं आपणच काउंटरवर जायचं, मागायचं, पैसे द्यायचे नि ग्लास घेऊन यायचं. आणि दारूच प्यायला हवी असं कुणी सांगितलं?" मग एका पावतीच्या पाठीवर दोन खुणा करून दिल्यात आणि पुढच्या स्टॉपवर उतरूनही गेलात.

पहिली खूण स्ट्रँड रस्त्यावरच्या ट्वायनिंग्जची, चहाच्या जुन्या दुकानाची. दुकान इतकं अरुंद की समोरून कुणी आलं की अंग चोरावं लागतं. १७०६ साली थॉमस ट्वायनिंगने इथलं कॉफी हाउस घेतलं आणि चहा विकायला सुरुवात केली. दारावर सोनेरी सिंह आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चिनी माणसं बसलेली. चिनीच का, तर तेव्हा चहा यायचा चीनमधून. आसामचा चहा यायला अजून शंभरावर वर्षं होती. आईने अर्थात आसामचाच डबा उचलला.

दुसरी खूण फ्लीट स्ट्रीटलगतच्या बोळातली, 'ये ओल्ड चेशायर चीज'. तुम्ही सांगितलं नसतंत तर त्या अंधाऱ्या बोळात आम्ही पाऊलही टाकलं नसतं. दाराशीच राजे-राण्यांच्या नावांची पाटी आहे, दुसऱ्या चार्ल्सपासूनची. आईने तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलाय. ती तिथंच थबकली. लंडनच्या आगीत जळालेला हा पब १६६७ मध्ये पुन्हा बांधला. "आग लागली सप्टेंबर १६६६ मध्ये," आई म्हणाली, "आणि महाराज आग्र्याहून निसटले ऑगस्टमध्ये. एका महिन्याचंही अंतर नाही!" मागची माणसं आत जायला खोळंबलेली, आणि हिचा तास सुरू. याच चार्ल्सला मुंबई हुंड्यात मिळाली, आणि ती घेऊन आलेल्या पोर्तुगीज राणीनेच इथल्या दरबारात चहाची आवड लावली. म्हणजे तुमच्या दोन्ही खुणा एकाच नवरा-बायकोपाशी पोचत होत्या. हे तुम्हाला ठाऊक होतं का हो?

आत ठेंगणं छत, भुसा टाकलेली जमीन, तळघरात उतरणारा उभा जिना. काउंटरवर मी गेले, ऐटीत. मला अर्धा पाइंट बिअर, आईला लेमोनेड. तिला वाटलं लिंबू सरबत येईल; आला गोड सोडा. "गोटीसोडाच की हा," म्हणत तिने सगळा संपवला आणि दुसरा आणायला स्वतः काउंटरवर गेली. इंग्रजी तिने शाळेबाहेर फारसं कधी बोललेलं नाही. परत आली ती सुट्टे पैसे मोजत, चेहऱ्यावर काहीच न दाखवता.

एवढ्यासाठीच हे पत्र. ती पावती तिने पासपोर्टच्या कव्हरात जपून ठेवलीय.

आसामचा डबा मात्र घरी आल्यावर चारच दिवसांत फुटला. आलं, गवती चहा आणि भरपूर दूध घालून खळाखळा उकळतोय. हे तुम्हाला कळवू नकोस, असं तिने बजावलं होतं.

तुमची,
मागच्या सीटवरची