ब्लॉक करण्याआधीचा अर्धा तास

संपादक महोदय,

शाळा सुरू झाल्या की मुंबईतल्या पालकसभांत सायबर सुरक्षेवर भाषण होते आणि मुलांना ठरलेला मंत्र मिळतो: त्रास देणाऱ्याला ब्लॉक करा, मेसेज डिलीट करा, दुर्लक्ष करा. या क्रमाने पुरावाच पुसला जातो आणि बऱ्याच तक्रारी पहिल्या दिवशी लंगड्या पडतात.

छळणारे बहुधा वर्गातले किंवा क्लासमधलेच असतात. वर्गाच्या फोटोतून एकीचा चेहरा कापून स्टिकर होतो, शाळेच्या नावाने निनावी ‘कन्फेशन’ पेज निघते, ‘सर्वांत येडा कोण’ असा पोल स्टोरीत लागतो. स्टोरी २४ तासांत जाते. व्हॉट्सअॅपवर पाठवणारा स्वतःचा मेसेज साधारण दोन दिवस सर्वांच्या फोनमधून पुसू शकतो. स्टिकर मात्र ज्याने सेव्ह केला त्याच्याकडे राहतोच.

घाईत काढलेल्या स्क्रीनशॉटवर नाव दिसते ‘ढब्बू’ आणि तारखेच्या जागी ‘आज’. महिन्याने यावरून काय सिद्ध होणार? म्हणून कॉन्टॅक्ट उघडून नंबर दिसेल असा वेगळा स्क्रीनशॉट घ्यावा आणि चॅट एक्सपोर्ट करावी, म्हणजे फाइल करून जपावी; त्यात प्रत्येक मेसेजची तारीख-वेळ येते. इन्स्टाग्रामवर युजरनेम बदलता येते आणि मग प्रोफाइलची जुनी लिंक चालेलच असे नाही, तेव्हा तिच्यासोबत पोस्टचीही लिंक कॉपी करून ठेवावी. व्हॅनिश मोडमध्ये, म्हणजे वाचल्यावर मेसेज आपोआप पुसले जाणाऱ्या चॅटमध्ये, स्क्रीनशॉट घेतल्याचे समोरच्याला कळते, तिथे दुसऱ्या फोनने फोटो काढावा. मग रिपोर्ट, आणि सगळ्यात शेवटी ब्लॉक. व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट करताना चॅट पुसण्याच्या पर्यायावरही खूण असू शकते. ती आधी काढावी, नाहीतर पुरावा आपल्याच हाताने जातो.

अल्पवयीन मुलाचा किंवा मुलीचा नग्न वा अश्लील फोटो असेल तर मात्र हे नियम बाजूला. त्याचा स्क्रीनशॉट नको, आणि ‘पुरावा म्हणून’ मामाला किंवा बाईंना फॉरवर्ड तर मुळीच नको. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली असे चित्र पाठवणे हाच गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. लिंक कागदावर लिहून घ्यावी, फोन आहे तसा पोलिसांना दाखवावा. ‘टेक इट डाउन’ या मोफत सेवेत फोटो फोनबाहेर जात नाही, त्याचा डिजिटल ठसा तेवढा जातो आणि सहभागी कंपन्या त्यावरून प्रत शोधून काढून टाकतात. असे फोटो आणि तोतया खाती यांच्या तक्रारीवर कंपन्यांनी २४ तासांत हालचाल करावी, असे बंधन २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी घातले; २०२६ मध्ये ही मुदत दोन तासांवर आणली गेली. मात्र तक्रार पीडिताने किंवा त्याच्या वतीने कुणी तरी करायला हवी. ती पालक करू शकतात.

राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व मुलांच्या विभागात नाव न देताही तक्रार करता येते. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे; १९३० वर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीच्या तक्रारी जातात. ठाण्यात गेल्यावर बालकल्याण पोलिस अधिकारी कोण, हे विचारावे. आयटी कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारीच करू शकतो, त्यामुळे हवालदाराने हात वर केले म्हणून परत फिरू नये. आरोपी अठराच्या आतला असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते. ‘पोराचं आयुष्य बरबाद होईल’ या भीतीने दोन्हीकडचे पालक गप्प बसतात, पण बाल न्याय कायदा सुधारण्यासाठी आहे, कोठडीसाठी नव्हे.

एक अडचण उघड सांगायला हवी. पालघरच्या दोन मुलींना २०१२ मध्ये फेसबुक पोस्टवरून अटक झाली, तिथून पेटलेल्या वादाअंती सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये आयटी कायद्याचे, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला गुन्हा ठरवणारे कलम ६६अ रद्द केले. ते योग्यच झाले. पण धमकी नाही, अश्लीलता नाही, तोतयेगिरी नाही, नुसती रोजची टिंगल आहे, अशा वेळी पोलिसांना थेट लावण्याजोगे कलम सहसा सापडत नाही. तिथे जबाबदारी शाळेचीच.

आणि शाळा काय करते? पीडिताचाच मोबाइल जप्त करते, दोघांना समोरासमोर उभे करून ‘सॉरी म्हण, हात मिळव’ करते. संध्याकाळपर्यंत त्या मुलाला वगळून नवा ग्रुप तयार. त्यापेक्षा प्रत्येकाशी स्वतंत्र बोलावे, ग्रुपमध्ये नुसते हसणाऱ्या इमोजी टाकणाऱ्यांनाही बोलवावे आणि दोन आठवड्यांनी पुन्हा विचारपूस करावी. मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती शाळेत असायलाच हवी. पालकांनी तिच्याकडे लेखी तक्रार द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर शाळेचा पोच-शिक्का तारखेसह घेऊनच फाटकाबाहेर पडावे.

– शालेय समुपदेशक, दादर