आधी पाहुण्याचे वाक्य पुरे होऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाटकाचे परीक्षण छापताना आपण नेपथ्यापासून पार्श्वसंगीतापर्यंत सगळ्याची दखल घेता. विनोदी पॉडकास्टवर लिहिताना मात्र पाहुण्याचे नाव आणि फोटो यापलीकडे काही नसते. जणू पाहुणा गाजलेला असला की भाग रंगलाच! नियमित ऐकणाऱ्याला ठाऊक असते की एका ठिकाणी कंटाळा आणणारा माणूस दुसरीकडे पोट दुखेपर्यंत हसवतो. पाहुणा तोच असतो, समोर बसणारा बदललेला असतो.

नवे नाटक किंवा चित्रपट येण्याच्या आठवड्यात एकच नट चार पॉडकास्टवर दिसतो आणि चारही ठिकाणी तेच तीन किस्से सांगतो. त्यात त्याचा दोष थोडा आहे. "या भूमिकेकडे तू कसा पाहतोस?" असे विचारल्यावर पाठ केलेले उत्तरच मिळणार. किस्सा संपल्यावर सूत्रधाराने "बरं, मग त्या ड्रायव्हरचे पुढे काय झाले?" एवढे विचारले तरी पाहुणा पाठांतराबाहेर पडतो, आणि गंमत तिथून सुरू होते. स्टँडअप करणाऱ्यांची अडचण वेगळी. दोनशे प्रेक्षकांसमोर घोटवलेला तुकडा ते तीन माणसांच्या खोलीत जसाच्या तसा म्हणतात. हशासाठी ठेवलेली जागा रिकामी पडते आणि सूत्रधार ती खोटे हसून भरतो.

या हसण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण मराठी कार्यक्रमांचे सर्वाधिक नुकसान त्यानेच होते. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते, त्यामुळे विनोदाची मेख बहुधा अखेरच्या एक-दोन शब्दांत असते. सूत्रधाराला ती आधीच कळते, तो खो-खो हसत सुटतो आणि नेमका तोच शब्द हशाखाली गाडला जातो. श्रोता पंधरा सेकंद मागे जाऊन पुन्हा ऐकतो. तरीही कळत नाही, कारण दोन्ही आवाज एकाच ट्रॅकवर, म्हणजे एकाच रेकॉर्डिंगमध्ये मिसळलेले आहेत.

उपाय महागडे नाहीत. प्रत्येकाला स्वतंत्र माइक द्यावा आणि प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा ठेवावा. मग सूत्रधाराचे हसणे नंतर सहा-आठ डेसिबलने खाली आणता येते. माइक तोंडापासून चार ते सहा इंचांवर, किंचित बाजूला असावा. रेकॉर्डिंगच्या मीटरवर शून्य ही कमाल मर्यादा असते; साध्या बोलण्याची पातळी उणे 12 डेसिबलच्या आसपास राहिली तर अचानक आलेल्या हास्याला वर जागा उरते. ती नसेल तर हशा फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर धड दुरुस्त होत नाही. नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारी सोय) फार कडक लावला की पाहुण्याचे हलके, नाकातले हसू कापले जाते. फरशी आणि काचांची खोली असेल तर जाड पडदे लावावेत, चक्क गोधड्या टांगल्या तरी चालतील. पाहुणा ऑनलाइन असेल तर पाव सेकंदाचा विलंबही जुगलबंदी मोडतो: दोघे एकदम बोलतात, दोघे एकदम थांबतात. दोन्हीकडे आपापले रेकॉर्डिंग करून नंतर जोडले तर निदान हा गोंधळ एडिटमध्ये निस्तरता येतो. फक्त शांतता आपोआप कापणारे सॉफ्टवेअर वापरू नये. मेखेआधीचा अर्धा सेकंद हा विनोदाचाच भाग असतो आणि यंत्राला तो निव्वळ रिकामा वाटतो.

दीड तासाच्या भागातली पहिली बारा मिनिटे "एसी लावू का, चहा घेणार का" यात गेलेली असतात. ती सरळ कापावीत.

इंग्रजीत हे तंत्र बरेच मुरले आहे. अमेरिकी विनोदवीर कोनन ओ'ब्रायन यांच्या 2018 पासूनच्या पॉडकास्टवर पाहुणा सुरुवातीलाच एक ठरलेले वाक्य पुरे करतो: कोननचा मित्र होण्याबद्दल मला अमुक वाटते. पहिल्याच मिनिटाला त्याला टोला मारायची जागा मिळते. तिकडचेच विनोदवीर स्कॉट ऑकरमन यांच्या पॉडकास्टवर एक खरा पाहुणा असतो आणि दुसरा काल्पनिक पात्र होऊन येतो. त्या पात्राला सूत्रधार अगदी गंभीर चेहऱ्याने प्रश्न विचारतो, म्हणून ते खुलते. स्टँडअप करणारे मार्क मॅरन यांनी 2009 ते 2025 पॉडकास्ट चालवला. 2015 मध्ये अध्यक्षपदावर असलेले बराक ओबामा मॅरन जिथे रेकॉर्डिंग करत त्या त्यांच्या गॅरेजमध्ये येऊन बसले. तेव्हा नाव मोठे होतेच, पण गॅरेजला तोवर सहा वर्षांचा रियाज होता.

आता आमच्या गावाबद्दल. इंदूरचा पाहुणा आला की पोहे-जलेबी, सराफ्यातली रात्रीची खाऊगल्ली आणि 2017 पासूनचा स्वच्छतेतला पहिला नंबर यांवर वीस मिनिटे खर्ची पडतात. स्टँडअप कलाकार झाकीर खान इंदूरचे, हेही कुणीतरी सांगतेच. पण इथल्या मराठी घरांत बोलता बोलता हिंदीचा जो तडका पडतो, "भिया" (म्हणजे भैया) म्हणत मराठीत भांडण कसे चालते, त्यात केवढा मसाला आहे! तो कुणी विचारत नाही. उलट पुण्यातल्या कार्यक्रमांत अलका चौकावरचे विनोद गृहीत धरलेले असतात. ते काढू नका, अर्ध्या वाक्यात संदर्भ द्या. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याचा श्रोताही हसेल.

आपल्या पुरवणीत पॉडकास्टला चार ओळींचीच जागा असेल तर पाहुण्याच्या नावासोबत एवढे छापावे: भाग किती मिनिटांचा, गप्पा नेमक्या कितव्या मिनिटाला सुरू होतात, शब्द स्पष्ट ऐकू येतात का, आणि पाहुण्याने इतरत्र न सांगितलेले काही सांगितले का. फोटो थोडा लहान केला तर जागा निघेल.

आपला,
एक नियमित श्रोता
राजेंद्र नगर, इंदूर